गळ्यापाशी सोडलेले स्वेटर

अनगोळ, बेळगाव
सोमवार, दि. ११ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

निपाणी मुक्कामी वन्सं अंबूबाईंना जयाबाईचा सा. न. वि. वि. ही अक्षरं घालायची असत्यात म्हणून घातली. विनंती काय न्हाय, राग हाय. तो आधी वाचा, मंग चहाला उठा.

परवा आमचा म्हादू कंपनीच्या कामानं निपाणीला आलता, तवा तुमी त्याच्या हातात एक पिशवी दिलीसा. पोराला वाटलं आत्तीनं शेंगा दिल्या. रूपालीनं भाजायला कढई बी काढली. सून कढई घेऊन उभी आणि पिशवीतनं निघालं काय, तर लोकर. अर्धी विणलेली, लोंबणारी, डांबरगोळ्यांचा वास मारणारी. म्हादूनं निरोप सांगितला, की हे खानापूरच्या सुवर्णाकाकूचं हाय, ठेवायचं ते ठेवा आणि टाकायचं ते टाका.

माझी जाऊ ऱ्हाती खानापूरात. खानापूरची पिशवी बेळगावावरनं पुढं निपाणीला गेली आणि निपाणीला पाणी पिऊन परत माझ्या दारात आली. वाटेत मी लागत न्हवते व्हय? आणि मी काय कचऱ्याची गाडी हाय, की तिनं पेटी झाडायची आणि माझ्या दारात आणून वतायची? तुमी सख्खी नणंद, दोघी भावजयींना सारख्या. तुमी तरी तिला तोंडावर सांगायचं हुतं की नगं.

हे फोनवर बोलले असते. पर तुमचा कान कमी, मी वरडते ते तुमाला अर्धं ऐकू येतंय आणि अनगोळातल्या गल्लीला सगळं. म्हणून लिहायला बसले. चौथीपतोर शाळा झालीया, ऱ्हस्व दीर्घ बघू नगासा.

आता मूळची गोष्ट सांगते. आमच्या नातीच्या, प्रियदर्शनीच्या पहिल्या वाढदिवसाला तुमी हिथंच पाटावर बसला हुता, पर तुमाला ऐकू आलं नसणार. सुवर्णानं पोरीला गुलाबी स्वेटर आणलता. सगळ्या बायकांसमोर घालायला घेतला आणि पोरीचं डोस्कं गळ्यात अडकलं. पोरीनं टाहो फोडला. बायका हसल्या. रूपालीच्या माहेरची माणसं बसलेली. तवा सुवर्णानं काय म्हणावं? म्हणाली, मी विणलंय ते बरोबर हाय, गळा आक्कानं घातलाय.

तर ऐका. लग्न हून ती आमच्या घरात आली तवापासनं तिच्या परत्येक स्वेटरचा गळा मी घातलाय. पाठ ती विणायची, बाह्या ती विणायची, पुढची बाजू गळ्यापतोर आली की माझ्याकडं. तिला टाके कमी करायचं जमायचं न्हाय. आमी अनगोळला आलो तरी थांबलं न्हाय, तिचे मालक तम्मण्णा भावजी कचेरीच्या कामाला बेळगावात आले की पिशवी घेऊन यायचे आणि सांजच्याला गळा घातलेला घेऊन जायचे. खानापूरात मास्तरणी म्हणा, फारेस्टवाल्यांच्या बायका म्हणा, सगळ्या सुवर्णाबाईच्या हाताची तारीफ करायच्या. मी एका शब्दानं बोलले न्हाय. मला नाव नगंच हुतं. पर इतक्या वर्षांत एकदा माझं नाव घेतलं, ते पोरीचं डोस्कं अडकल्यावर.

त्या दिवसापासनं मी तिच्याशी बोलत न्हाय. आता बी बोलणार न्हाय. पिशवी मोरीच्या कोपऱ्यात टाकलीया. कुणाला उशीत भरायला पाहिजे असंल तर कळवा, न्हाईतर बंब पेटवायला हुईल.

लोभ हाय तेवढा बास हाय, वाढवायला नगं.

जयाबाई


निपाणी
शनिवार, दि. १६ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. जयावैनींच्या पायावर अंबूचं डोस्कं. शि. सा. न. तुमचं पत्र पोचलं. सांगितल्यापरमानं राग आधी वाचला आणि चहा गार झाला.

रूपालीला सांगा, औंदा आमच्यात भुईमूग धरलाच न्हाय, न्हाईतर पोरासंगं शेंगा नक्की दिल्या असत्या. तिची कढई फुकट निघाली ह्याचं मला खरंच वाईट वाटलं. माझा गुडघा बरा हाय. कानाचं यंत्र लेकानं आणून दिलंय, पर ते लावलं की भांडी पडल्यासारखं वाजतंय, म्हणून डब्यात ठेवलंय. तुमची गल्ली मातूर सुखात ऱ्हाऊ दे.

वैनी, वाढदिवसाचं मला खरंच ऐकू आलं न्हवतं. तुमचं तोंड तेवढं बघितलं हुतं. मला वाटलं दाढ दुखतीया. नंतर तुमी दोघी बोलंनासं झाला, तवा मी इचारलं तर तुमी म्हणालासा, काय न्हाय. सुवर्णा बी म्हणाली, काय न्हाय. मी म्हटलं, दोघी म्हणत्यात काय न्हाय म्हणजे लई काय तरी हाय. इतकी वर्षं गळ्याची बाब मला कुणी सांगितली न्हाय. माझ्या अंगातला चॉकलेटी बी तुमच्याच गळ्याचा व्हय?

आता माझं ऐका. सुवर्णाचा पोरगा स्वरूप तिला बेंगळूरला न्यायलाय, कायमची. पंधरा डिसेंबरचं रेल्वेचं तिकीट बी झालंय. तम्मण्णा भावाच्या माघारी ती एकटी त्या घरात ऱ्हाती, रातीला मागच्या दाराला रानातली डुकरं घासत्यात, पोराचा जीव लागत न्हाय. घर भाड्यानं देणार. पोरानं सांगितलंय, की एक पेटी आणि एक गाठोडं, जास्ती न्हाय. तिथं दोन खोल्या, वरती तिसरा मजला. म्हणून ती सामान निवडायला लागलीया. भांडी वाटली, पाटा-वरवंटा शेजारणीला दिला. ह्या पिशवीपाशी मातूर अडली.

ती स्वता ही पिशवी घेऊन निपाणीला माझ्याकडं आलती. बसमधी वरच्या फळीवर ठेवली न्हाय, सगळी वाट मांडीवर. तुमी म्हणतासा वाटेत मी लागत न्हवते व्हय. लागत हुता. ती सांगत हुती, बेळगाव स्टँडवर बस लई वेळ उभी हुती. डायव्हर चहा पिऊन आला. उतरायचं म्हणून तिनं पदर खोचला, पर सीटवरनं उठली न्हाय. बस सुटली तशी निपाणीला आली. माझ्या पुढ्यात पिशवी ठेवली आणि म्हणाली, ह्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते आक्काच ठरवंल, मला ठरवाय येत न्हाय.

मला विणकामातलं काय कळत न्हाय, मला भाकरी कळती. तुमी एकदा ती पिशवी मोरीतनं बाहेर काढा. बंबात घालायचीच असंल तरी आधी बघून घाला.

राग वसरल्यावर जो लोभ उरंल तो माझ्याकडं लावून द्या.

तुमची
अंबू


अनगोळ
गुरुवार, दि. २१ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

वन्सं अंबूबाईंना जयाबाईचा सा. न. तुमचा चॉकलेटी बी माझ्याच गळ्याचा. घालताना हात कुठं अडतोय का? मंग झालं.

तुमी सांगितलं म्हणून पिशवी काढली. मनात ठरवून बसले हुते, की घटकाभरात निवडून टाकायचं. कसर लागलेलं बंबात, लोकर चांगली असंल तर उसवून गुंडा, आणि तिला एक निरोप, की झालं तुझं काम. मला असल्या कामाला वेळ लागत न्हाय. रूपालीला एक साडी निवडायला जेवढा वेळ लागतोय तेवढ्यात मी घर आवरते.

चार स्वेटर निघाले. एक लाल, लहान. एक पिवळा, त्याहून मोठा. एक निळा, आणि मोठा. एक शेवाळी, बापयाचा.

लाल आधी घेतला. हात तिचाच, सैल, टाक्यातनं बोट जाईल असा. पाठ झालीया. बाह्या झाल्याता, दोन्ही. पुढची बाजू गळ्यापतोर आलीया आणि तिथं सोडलीया. सुईवरचे टाके पांढऱ्या दोऱ्यात ओवून गाठ मारलीया. मी म्हटलं लोकर सरली असंल. पर लाल लोकरीचा गुंडा त्याच्यातच गुंडाळलेला हुता. मी म्हटलं, आळशी.

पिवळा घेतला. पाठ झालेली, बाह्या झालेल्या, पुढची बाजू गळ्यापतोर, पांढरा दोरा, गाठ. गुंडा आत.

निळा घेतला. तसंच.

वन्सं, मी खाली बसले. मला उभ्यानं निवडायची सवय, पर बसले.

तेवढ्यात प्रियदर्शनी शाळंतनं आली. रूपालीनं सहज तो निळा तिच्या पाठीला लावून बघितला. खांद्याला खांदा. बाही मनगटावर. जसा काय तिच्यासाठीच. पिवळा दोन-तीन थंड्या मागं तिला बरोबर झाला असता आणि लाल ती शेंबूड पुसत फिरायची तवा. मी रूपालीला म्हटलं, सुवर्णानं हिला वाढदिवसानंतर धड बघितली बी न्हाय, माप कुठनं आणलं? रूपाली हळूच म्हणाली, की आत्या, तम्मण्णा काका यायचे तवा हिच्या पाठीवर वीत ठिवायचे.

आठवलं मला. भांडणानंतर बी भावजी यायचे. पिशवी नसायची हातात. चहा प्यायचे, भिंतीकडं बघायचे, मंग पोरीला जवळ बोलवून पाठीवर वीत ठेवून मोजायचे, हातावर मोजायचे, किती वाढली म्हणायचे. मी आत भाकरी थापत बसायचे, मला वाटायचं लाड चाललेत. लाड कसले, माप चाललं हुतं. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, माझ्या डोळ्यादेखत. आणि मी म्हणते भावजी किती साधा माणूस. निळा एवढा मोठा कसा, तर त्यांनी शेवटी वाढीव माप धरलं असणार. जाणार हे त्यांना काय ठावं न्हवतं, पर यायला जमंल न जमंल म्हणून धरलं असंल.

आता शेवाळीचं सांगते. तो भावजींचा. ती खांद्याची रुंदी दुसऱ्या कुणाची न्हाय. तो बी गळ्यापाशी सोडलाय. त्याची लोकर बेळगावच्या बाजारातनं मीच निवडून दिलती, भांडणाच्या आधल्या दिवाळीला. म्हणजे इतक्या थंड्या ह्यो स्वेटर पेटीत घडी घालून आणि माणूस शालीत. खानापूरची थंडी तुमाला ठावं हाय, सकाळी रानातनं धुकं उंबऱ्यापतोर येतंय. मी त्यांना एकदा इचारलं हुतं, की भावजी, बायकोचा एवढा हात चालतोय आणि तुमी शाल का गुंडाळता? ते हसले आणि म्हणाले, वैनी, शालीला गळा लागत न्हाय. मला त्या वक्ताला कळलं न्हाय. मी म्हटलं काय तरी बोलतात.

थंडीनं गेले न्हाईत ते, काळजानं गेले, ते बी श्रावणात. मला ठावं हाय. पर गार तर लागलंच असणार.

मला एवढा राग आलाय की हातातली सुई वाकली. तिला खानापूरात दुसरं कुणी मिळालं न्हाय गळा घालायला? पैशाला पासरी बायका विणत्यात. एका संध्याकाळचं काम. ह्या बाईनं गळ्यापाशी आणून आणून चार स्वेटर ठेवले आणि वाट बघितली. कुणाची? मी काय देव हाय, आपसूक समजायला? एक शब्द लावून द्यायचा हुता. भावजींच्या मातीला मी गेलते. तिच्या शेजारी उभी हुते. तवा बी बोलली न्हाय. मी बी बोलले न्हाय, पर मी का बोलू? बोलायची पाळी तिची हुती.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, मला कळंना. मला कळंना असं मी लई कमी वेळा म्हणते, तुमी त्याचा गाजावाजा करू नगासा. तिला माझा एवढा निरोप द्या, की पिशवी तुझी तू घेऊन जा. मी गळा घालणार न्हाय. एकाला बी न्हाय.

ह्या पत्रात लोभाचं काय मागत न्हाय, मागायच्या तब्येतीत न्हाय.

जयाबाई


निपाणी
शुक्रवार, दि. २९ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. जयावैनींना अंबूचा शि. सा. न. आधी सांगते, तुमाला कळंना हे मी कुणाला सांगितलं न्हाय. लेकाला सांगितलं, त्यानं सुनंला सांगितलं, तेवढंच.

परवा खानापूरला जाऊन आले. सुवर्णानं बेंगळूरला जायच्या आधी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाच्या निमित्तानं, ती कुंकू लावत न्हाय म्हणून नुसतं चहा-उप्पिटाला, बोलवलं हुतं. मला वाटलं जाताना सगळ्यांची तोंडं बघायची असतील. थंडी हुतीच, निम्म्या बायका तिच्याच हातचे स्वेटर घालून आल्या.

मी कोपऱ्यात बसले हुते. बघते तर सुवर्णा एकेकीच्या पुढ्यात जाती, काय तरी बोलती, तिच्या स्वेटरच्या गळ्याला हात लावती, पुढं जाती. मास्तरणीच्या गळ्याला, पोस्टातल्या बाईच्या गळ्याला, दुकानवालीच्या म्हातारीच्या गळ्याला. ज्या बाईपुढनं ती जाती, ती बाई आपला गळा चाचपून बघती. मला वाटलं सगळ्यांचा घसा बसलाय. शेवटी शेजारणीनं माझ्या कानात तोंड घालून सांगितलं, की ती म्हणायलीया, विणलंय मी पर गळा माझ्या थोरल्या जावंनं घातलाय, अनगोळच्या जयाआक्कानं, तुमच्या सगळ्यांचा.

कुणी इचारलं न्हवतं तिला. एक बाई म्हणाली बी, की आता कशाला सांगतीस. ती पुढच्या बाईकडं गेली.

तुमचा निरोप मी दिला, जसाच्या तसा, सगळं पत्रच वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतला आणि आत जाऊन हे पत्र लिहिलं. सोबत जोडलंय. मी वाचलं न्हाय असं लिहिणार हुते, पर वाचलंय.

दोघींचा लोभ माझ्यामार्गे ये-जा करतोय तवर मला दोन्हीकडनं थोडा थोडा ऱ्हाऊ दे.

तुमची
अंबू


खानापूर
बुधवार, दि. २७ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. आक्कांना सुवर्णाचा सा. न. वि. वि. माझी शाळा कन्नडमधली, मराठी लिहिताना चुकतंय, समजून घ्या. तुमचं चालत असणार, मी बरी हाय असं लिहायची पद्धत हाय.

तुमी गळा घालणार न्हाय हे कळलं. मी तसं मागितलं न्हवतं. मी फक्त इचारलं हुतं, काय ठेवू आणि काय टाकू. एक पेटी न्यायची हाय. पेटीत त्यांचे दोन सदरे, देवाची पितळी, माझी लुगडी आणि हे चार बसत न्हाईत. कुठलं काढायचं ते मला ठरवता येईना. तुमाला पटकन ठरवता येतंय, म्हणून.

वाढदिवसाचं लिहिते. गळा तुमचा हुता, हे मी खरं बोलले. खरं बोलल्याबद्दल मी पाया पडणार न्हाय. पर आधी कवा बोलले न्हवते, ते आज बोलले. ज्यांच्या अंगावर तुमचा गळा हाय त्या सगळ्यांना सांगितलं. फारेस्टवाल्यांच्या बाई गावाला गेल्यात, त्यांना फोनवर सांगते.

तुमी वन्संला लिहिलं, की खानापूरात दुसरं कुणी मिळालं न्हाय का. मिळालं. लाल स्वेटरला बाजारातल्या एका बाईकडनं गळा घालून घेतला हुता. माझा सैल हात, तिचा वेगळा, मधी रेघ दिसायला लागली, जसं दुसऱ्याचं डोस्कं आणून लावलंय. उसवला आणि परत दोऱ्यात ओवला. त्यानंतर कुणाला दिला न्हाय.

आणि आक्का, मला गळा का येत न्हाय ते बी लिहिते. नव्यानं आले हुते तवा तुमी शिकवायला बसायचा. मी दोन ओळी घालेपतोर तुमी म्हणायचा, आण हिकडं, आणि सुया काढून घ्यायचा. मी परत मोजायला लागले की परत आण हिकडं. एकदा बी गळा माझ्या हातात पुरा झाला न्हाय. मंग मी मागायचं सोडलं, आणून द्यायला लागले. तुमाला बी तेच बरं वाटायचं, मला बी. आता म्हणतासा आळशी.

शेवाळीचं. ते म्हणायचे, जा आणि वैनीला दे. मी म्हणायचे, मी का जाऊ. ते म्हणायचे, मंग मी घेऊन जातो. मी म्हणायचे, नेलात तर घरात येऊ नगासा. माणसानं ऐकलं. सगळं ऐकायचे. तो उसवायला घेतला की माझे हात थांबत्यात, आणि तसाच न्यायचा तर तीन मजले वर चढवून नुसता ठिवायला कशाला नेऊ. त्याचं काय करायचं तेवढं सांगा. बाकीचं तुमी सांगाल तसं.

पंधरा तारखेला जाणार. मनात असंल तो लोभ तिथल्या पत्त्यावर पाठवा, पत्ता स्वरूप देईल.

सुवर्णा


अनगोळ
मंगळवार, दि. ३ डिसेंबर २०२४

॥ श्री ॥

सुवर्णाला जयाबाईचा अ. आ. वन्संला आता मधी घेत न्हाय, त्या पत्र वाचत्यात आणि घरभर सांगत्यात. हे सरळ तुला.

आधी तुझ्या चहा-उप्पिटाचं. कुणी सांगितलं हुतं तुला बायकांचे गळे धरत फिरायला? मी नाव मागितलं हुतं का? पोस्टातल्या बाईचा कालच फोन आला, की तुमीच गळा घातलाय म्हणे, तो धुतल्यावर तंग व्हायलाय, जरा सैल करून द्या. इतकी वर्षं तंग झाला न्हाय, नाव कळल्यावर झाला. दुकानवाल्या म्हातारीनं तर कॉलर लावून मिळंल का म्हणून इचारलं. आता ह्या सगळ्या माझ्या जीवाला. फारेस्टवाल्याच्या बाईला फोन करू नगंस. तेवढं एक तरी डोस्कं शांत ऱ्हाऊ दे.

म्हणतीस मी सुया काढून घेतल्या. घेतल्या. चुलीवर आधण, दारात गडी, पोरगं रडतंय आणि तू एक ओळ परत परत मोजत बसायचीस. मी काय करायचं? तुझं मोजून हुईपतोर माणसं उपाशी बसली असती. तुला गळा आला न्हाय ह्याचं खापर माझ्यावर फोडतीस, फोड. खापर वजनाला हलकं असतंय, पेटीत जागा खात न्हाय.

पर खरं लिहायचं तर, तुझं ते रेघ दिसायला लागली हे मला पटलं. लाल उलगडून बघितला. उसवलेल्या जागंला लोकर कुरळी ऱ्हायलीया. बाजारातल्या बाईला टाका आवळायची अक्कल न्हाय. असल्या बाईकडं दिलासच कशाला, हा आणि एक राग. किती राग हाईत ह्याचा मला आता हिशेब लागंना.

आता निवड. तू इचारलंस, मी सांगते, परत इचारायचं न्हाय.

लाल उसवायचा. पोरीला त्यात परत लहान करता येत न्हाय. असं मी रूपालीला सांगितलं, आणि सांजच्याला बघते तर लाल पिशवीत न्हाय. तिनं कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूखाली घातलाय. मला दिसलं न्हाय असं तिला वाटतंय. ऱ्हाऊ दे. लालचा विषय संपला.

पिवळा मी उसवला. काल दुपारी. चांगली लोकर हाय, धुऊन, वजन बांधून वाळत टाकलीया. तुझा सैल हात उसवताना बरा, भराभरा सुटतोय. रडायचं न्हाय. ती लोकर तुझ्यासंगं बेंगळूरला जाईल, गुंडा कुठं बी मावतोय. तिथं स्वरूपच्या घरात दिवसभर करशील काय, खाली बघत बसशील? सुया चालव.

निळा ठेवायचा आणि पुरा करायचा. ह्याच थंडीत. पोरगी रोज इचारतीया, की खानापूरच्या आज्जीचा निळा कवा. तिला तू खानापूरची आज्जी म्हणून ठावं हाईस, हे मला ठावं न्हवतं. हे बी भावजींनीच शिकवलं असणार. त्या माणसानं माझ्या घरात काय काय पेरून ठेवलंय, अजून निघतंय.

आता नीट वाच. मी गळा घालणार न्हाय म्हटलं, ते म्हटलं. माझ्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय, काळ्या-निळ्या लोकरीवरचा टाका मला दिवसा बी दिसत न्हाय. वन्संला हे सांगितलं न्हवतं, त्यांनी लगेच देव पाण्यात घातले असते. आणि दिसला असता तरी घातला नसता. तू चाललीस तीन मजले वर. तिथं गळा अडला की काय करणार? रेल्वेनं पाठवणार मला? भावजी आता पिशवी घेऊन यायचे न्हाईत. तर गळा शिक. पंधरा तारीख स्वरूपला पुढं ढकलायला सांग, तिकीट बदलतंय म्हणे मोबाईलवर. न्हाय म्हणाला तर मला फोन लावून दे, मी बोलते त्याच्याशी, त्याला लहानपणी मी अंघोळ घातलीया.

तू हिकडं ये. पेटी घेऊनच ये, हिथनंच गाडीला बसवू. म्हादू येतोय रविवारी न्यायला, तवा तयार ऱ्हा. बसनं येऊ नगंस. तू स्टँडवर उतरशील न उतरशील, तुझा काय भरवसा न्हाय.

शिकवताना मी हातात धान्याचं सूप घेऊन बसणार हाय. दोन्ही हात गुंतलेले असले म्हणजे तुझ्या सुया वढता येणार न्हाईत. मी तोंडानं सांगीन आणि तू घालशील. तोंड मातूर चालंल, ते मला धरता येत न्हाय. तुझं मोजून हुईपतोर थांबायची माझी तयारी हाय, थोडी.

निळ्याला आधी हात लावायचा न्हाय, पोरीला घालायचाय. भावजींचा शेवाळी पहिला घ्यायचा. त्याच्यावर शिक. गळा तंग झाला, वाकडा झाला, एक खांदा वर एक खाली झाला, हू दे. चुकलं की उसव, परत घाल, पाहिजे तेवढ्या बारी. त्यांना आता कुठं जायची घाई न्हाय.

जयाबाई